रोझेटावर चालतंय म्हणजे काम झालं असं नाही

ॲपलने इंटेल सोडून स्वतःची चिप आणली त्याबद्दल बोलताना सगळे बॅटरी किती टिकते, लॅपटॉप कसा तापत नाही, एअरमधे तर पंखाच नाही वगैरे बोलतात आणि ते खरंच आहे, पण ज्यांचं सॉफ्टवेअर त्या मशीनवर चालायला हवं होतं त्यांना ह्या बदलात काय काय करावं लागलं ते मराठीत मला फारसं कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहायला घेतलं. रोझेटा म्हणजे इंटेलसाठी बनवलेली जुनी ॲप्स नव्या चिपच्या मॅकवर चालवून देणारी ॲपलची सोय. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही फोटो स्टुडिओवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे लग्नाचे हजारो फोटो एकदम आत घ्यायचे, कलर करेक्शन करायचं, अल्बमची पानं लावायची आणि प्रेसला पाठवायची फायनल फाइल काढायची. आपल्याकडे बहुतेक स्टुडिओ विंडोजवर, मॅकवाले थोडेच, पण जे आहेत ते रंगाच्या बाबतीत एकदम काटेकोर. मॅकची बाजू मी आणि अजून एक सहकारी असे दोघंच बघतो. कोड सगळा सी प्लस प्लसमधला, त्यातला निम्मा तरी मी यायच्या आधीचा.

२२ जून २०२० ला ॲपलने जाहीर केलं. कोविडमुळे कार्यक्रम ऑनलाइन होता, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, सगळे घरून काम करत होते त्यामुळे आमच्या ग्रुपवर लाइव्ह चर्चा चालू होती. टिम कुकने सांगितलं की पहिलं मशीन वर्ष संपायच्या आत येईल आणि सगळं स्थित्यंतर साधारण दोन वर्षांत होईल. अचानक झालं असं कुणाला वाटलं नाही. इंटेलचं १० नॅनोमीटरचं काम वर्षानुवर्षं लांबत गेलं होतं, मॅकबुक दरवर्षी थोडेसेच पुढे सरकत होते आणि तापत मात्र जास्त होते, आणि इकडे आयफोनमधली ॲपलची स्वतःची चिप, २०१० ची ए४ धरली तर, दरवर्षी जोरात वाढत होती. २०१३ च्या ए७ मधे तर ६४ बिटचं एआरएम (ॲपलच्या चिपला समजणारी सूचनांची भाषा, इंटेलपेक्षा वेगळी) आलं तेव्हाच जाणकार लोक म्हणायला लागले होते की हे फक्त फोनपुरतं थांबणार नाही.

आमच्या ऑफिसात एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांनी आधीचं स्थित्यंतर स्वतः काम करून पाहिलंय. ते त्या रात्रीच फोनवर म्हणाले, "तुम्ही लोक नशीबवान, ह्या वेळी बाइट उलटे होणार नाहीत." हे जरा सांगतो कारण फोटोवाल्यांशी त्याचा थेट संबंध आहे. मॅक सुरू झाला १९८४ मधे, मोटोरोलाच्या ६८००० चिपवर. १९९४ ला पॉवरपीसी आली. मग ६ जून २००५ ला स्टीव्ह जॉब्जने इंटेलवर जायचं जाहीर केलं, कारण पॉवरपीसीची जी५ लॅपटॉपमधे बसेल इतकी थंड होतच नव्हती आणि त्याने २००३ मधे वर्षभरात देतो म्हणून सांगितलेले ३ गिगाहर्ट्झ काही आले नाहीत. जानेवारी २००६ ला पहिले इंटेल मॅक आले आणि त्याच ऑगस्टमधे मॅक प्रो सुद्धा इंटेलवर गेला. आता मोटोरोला आणि पॉवरपीसी मॅकवर आकडा मेमरीत मोठ्या बाजूने, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी असा, लिहिला जायचा आणि इंटेलवर लहान बाजूने. टिफ फाइल कधी हेक्स एडिटरमधे उघडून बघा, पहिली दोन अक्षरं एकतर 'आयआय' असतात नाहीतर 'एमएम', म्हणजे इंटेल आणि मोटोरोला, फाइल कुठल्या क्रमाने लिहिलीय ते तिथे सांगितलेलं असतं. काका म्हणाले २००६ मधे त्यांचं सगळं काम हेच होतं, जिथे जिथे फाइल वाचली जाते तिथे बाइट उलटवायचे, आणि एखादी जागा सुटली की फोटोऐवजी रंगीत मुंग्या दिसायच्या. मॅकमधलं एआरएम इंटेलसारखंच लहान बाजूने लिहितं, त्यामुळे जुन्या फाइलींचा तो त्रास आम्हाला अजिबात झाला नाही. काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं.

त्या वेळी ॲपलने डेव्हलपर लोकांना एक मॅक मिनी भाड्याने दिला होता, आत आयपॅड प्रोमधली ए१२झेड चिप आणि १६ जीबी मेमरी, ५०० डॉलर घ्यायचे आणि नंतर मशीन परत मागायचे. आमच्यापर्यंत काही ते आलं नाही. पण एक्सकोड १२ मधे (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) इंटेलच्या मशीनवर बसूनसुद्धा एआरएमसाठी कंपाइल करता येत होतं, चालवून बघता येत नव्हतं एवढंच. आम्ही बिल्ड लावला आणि एररचा पाऊस. कारण सरळ होतं, आमचं कलरचं सगळं गणित वेगासाठी थेट इंटेलच्या एसएसई आणि एव्हीएक्स सूचनांमधे हाताने लिहिलेलं, चार चार, आठ आठ आकडे एका झटक्यात मोजणारं. एआरएमवर त्याच कामाला निऑन आहे, पण त्यात एकावेळी १२८ बिटच, त्यामुळे एव्हीएक्सवाली रुंद वाट बंदच करावी लागली. एसएसईच्या बऱ्याच सूचना निऑनमधे बदलून देणारी एक ओपन सोर्स हेडर फाइल आहे, एसएसई२निऑन नावाची, तिने पहिला मोठा डोंगर हलवला. पण जिथे वेग खरंच महत्त्वाचा आहे तिथे बसून हातानेच परत लिहिलं.

१० नोव्हेंबरला एम१ आली. बरोबर दिवाळीच्या तोंडावर, १४ ला लक्ष्मीपूजन होतं. मॅकबुक एअर, १३ इंची प्रो आणि मॅक मिनी अशी तीन मशीन. एअरची भारतातली किंमत ९२,९०० पासून आणि मिनी ६४,९०० पासून, आम्ही मिनी घेतला, १६ जीबीवाला. चिपमधे आठ कोर, चार जोरात पळणारे आणि चार कमी वीज खाणारे, आणि मेमरी सीपीयू आणि जीपीयू दोघांना मिळून एकच, जे फोटोच्या कामाला फार मोठी गोष्ट आहे कारण तोच फोटो इकडून तिकडे कॉपी करत बसावं लागत नाही.

मशीन आल्यावर पहिलं काय केलं असेल तर आमचं जुनं इंटेलचं ॲप जसंच्या तसं टाकलं. सिस्टिमने विचारलं रोझेटा इन्स्टॉल करू का, हो म्हटलं, पहिल्यांदा उघडताना डॉकमधे आयकॉन बराच वेळ उड्या मारत राहिला कारण तेव्हा तो सगळा इंटेलचा कोड एआरएममधे बदलून ठेवतो, आणि दुसऱ्यांदा उघडलं तर पटकन उघडलं. चाललं. सगळं चाललं! आणि आमच्या इंटेल लॅपटॉपपेक्षा बऱ्याच कामात वेगात चाललं, ते पण एव्हीएक्स नसताना, कारण तेव्हाच्या रोझेटाला एव्हीएक्स येत नव्हतं (ते खूप नंतर, मॅकओएसच्या सेक्वोया आवृत्तीत आलं) आणि आमचं ॲप सीपीयूला विचारून आपोआप एसएसईच्या वाटेने जात होतं. एक्सपोर्ट लावल्यावर जुन्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायचा, इथे टेबलावर काही आवाजच नाही. साहेब लगेच म्हणाले, मग झालं की, कशाला नेटिव्हच्या (म्हणजे थेट एआरएमसाठी केलेल्या आवृत्तीच्या) मागे लागताय, कस्टमरला चालतंय ना.

इथेच माझं सगळं म्हणणं आहे. रोझेटा २ इतका चांगला आहे की तो तुम्हाला वेळ देतो आणि त्याच वेळी तुमच्या कोडमधली दुखणी झाकून ठेवतो. वेळ उसना असतो. आधीचा रोझेटा, पॉवरपीसीचे प्रोग्रॅम इंटेलवर चालवणारा, २००६ ला आला आणि २०११ च्या लायन ह्या मॅक सिस्टिममधे ॲपलने काढून टाकला, काकांनी हे पाहिलेलं होतं, कितीतरी स्टुडिओंची चांगली चालणारी प्रोग्रॅम्स एका अपडेटमधे गेली. त्यामुळे काकांनीच साहेबांना समजावलं आणि आम्हाला नेटिव्हचं काम मिळालं, नाहीतर ते मागेच पडलं असतं.

आता नेटिव्ह बिल्ड एम१ वर चालवला तर उघडतानाच मेला. टर्मिनलमधे फक्त 'किल्ड: ९', बाकी एक अक्षर नाही. एआरएम मॅकवर प्रत्येक नेटिव्ह कोडला सही लागते, निदान मशीनवरच केलेली साधी तात्पुरती तरी, नाहीतर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो चालूच देत नाही. लिंकर (कोडचे तुकडे जोडून ॲप बनवणारा प्रोग्रॅम) ती सही आपोआप टाकतो, पण आमची बिल्ड स्क्रिप्ट नंतर लायब्ररींचे पाथ बदलायची आणि फाइलला हात लागला की सही बाद. स्क्रिप्टच्या शेवटी परत सही करायची एक ओळ टाकली आणि ॲप उघडलं. रोझेटात चालणाऱ्या इंटेल कोडला हा नियम लागत नाही म्हणून तिथे हे दिसलंच नव्हतं. पुढची अडचण पेज साइझची, एआरएम मॅकवर मेमरीचं पान १६ केबीचं आणि इंटेलवर ४ केबीचं, आमच्याकडे मोठी फाइल मॅप करताना ४०९६ हा आकडा थेट लिहिलेला, नेटिव्हवर मॅपिंग फेल आणि रोझेटात परत बिनधास्त, कारण रोझेटा त्या प्रोसेसला ४ केबीचंच पान देतो. सिस्टिमला आकडा विचारून घ्यायचा, बदल एका ओळीचा.

मोठी अडचण आली ती एका लायब्ररीची. प्रेसच्या कागदावर रंग कसा उतरेल ते आधीच स्क्रीनवर दाखवणारा भाग आम्ही परदेशातल्या एका कंपनीकडून विकत घेतलेला आहे, सोर्स कोड नाही, फक्त तयार फाइल, आणि ती इंटेलची. एका प्रोसेसमधे अर्धा कोड इंटेलचा आणि अर्धा एआरएमचा असं चालतच नाही, पूर्ण प्रोसेस एकतर इकडची नाहीतर तिकडची. म्हणजे ह्या एका फाइलमुळे आमचं अख्खं ॲप रोझेटात अडकून बसलेलं. त्यांना मेल केली की उत्तर यायचं, रोडमॅपवर आहे. शेवटी आम्ही तो भाग वेगळा काढला, एक छोटा हेल्पर प्रोग्रॅम केला जो इंटेलचाच राहील आणि रोझेटात चालेल, मुख्य ॲप नेटिव्ह, आणि दोघांमधे फोटो शेअर्ड मेमरीतून द्यायचा. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधे 'काइंड' कॉलममधे एकाच्या पुढे ॲपल आणि दुसऱ्याच्या पुढे इंटेल असं दोन्ही शेजारी शेजारी दिसायचं. हे करायला सगळ्यात जास्त वेळ गेला पण त्याचा एक फायदा झाला, ती लायब्ररी क्रॅश झाली तरी आता मुख्य ॲप पडत नाही.

मग रंग. आमच्याकडे टेस्टसाठी ठरलेले फोटो आहेत, त्यात एक शालूचा क्लोजअप आहे, जरीचा काठ आणि मागे एकदम काळा पडदा, आणि नवा बिल्ड जुन्याशी पिक्सेल पिक्सेल जुळवून बघतात. तो जुळेना. फरक डोळ्याला जरीवर दिसायचा नाही पण काळ्या पडद्यावर, जिथे काळा हळूहळू करड्यात जातो तिथे, बारीक पट्टे दिसायला लागले. शोधत शोधत भागाकारापाशी पोचलो. वेगासाठी भाग न देता 'एक भागिले इतकं' ह्याचं अंदाजे उत्तर देणारी सूचना वापरलेली होती. इंटेलची ती सूचना साधारण १२ बिट अचूक उत्तर देते आणि निऑनमधली तीच सूचना ८ बिट. आठ बिटच्या फोटोला ८ बिटचा अंदाज म्हणजे चूक थेट रंगात उतरणार. निऑनमधे त्या अंदाजाला एक पायरी सुधारून घ्यायची सूचना वेगळी दिलेली आहे, ती एकदा चालवली की उत्तर पुरेसं अचूक होतं आणि पट्टे गेले. प्रेसमधे छापून आलेल्या अल्बमात हे पट्टे दिसले असते तर स्टुडिओवाल्याने आम्हाला सोडलं नसतं आणि बरोबरच होतं त्याचं.

सगळ्यात अवघड बग मात्र ह्याच्यानंतरचा. फोटो इंपोर्ट करताना खिडकीत छोटे प्रीव्ह्यू येतात, त्यातल्या एखाद्या प्रीव्ह्यूमधे कधीतरी, खूप क्वचित, एक आडवा तुकडा आधीच्याच फोटोचा दिसायचा. नवरीच्या फोटोत मधेच मांडवाची झालर. परत तोच फोटो उघडला की व्यवस्थित. इंटेलवर कितीही वेळ चालवा, नाही दिसत. रोझेटात रात्रभर चालवा, नाही दिसत. फक्त नेटिव्ह. कोड बघितला तर एक थ्रेड (ॲपमधे एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) फोटोचा तुकडा तयार करून मेमरीत लिहितो आणि मग 'तयार' असा झेंडा लावतो, दुसरा थ्रेड झेंडा दिसला की तुकडा उचलून स्क्रीनवर टाकतो. झेंडा म्हणजे साधा व्होलाटाइल बूल, फक्त हो किंवा नाही ठेवणारी जागा. कितीतरी वर्षं चाललेला कोड.

भानगड अशी की इंटेलच्या चिपमधे एका कोरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोरला दिसतं. एआरएमवर तशी हमी नाही, प्रोसेसरला सोयीचं असेल तसं तो लिहिणं पुढेमागे करतो. पंगतीत एकजण भात वाढतोय आणि वाढून झालं की 'बसा हो' म्हणून हाक मारतोय असं समजा, इंटेलवर हाक ऐकू आली म्हणजे पानात भात आहेच, एआरएमवर हाक आधी ऐकू येऊ शकते आणि माणूस रिकाम्या पानावर बसतो, किंवा आमच्यासारखं, आधीच्या माणसाच्या उष्ट्या पानावर. उपाय पुस्तकातलाच आहे, झेंडा ॲटॉमिक करायचा, लिहिताना रिलीज आणि वाचताना अक्वायर, म्हणजे प्रोसेसरला स्पष्ट सांगायचं की ह्याच्या आधीचं सगळं लिहून झाल्याशिवाय हे दिसू देऊ नकोस. एक्सकोडमधला थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे थ्रेडमधल्या अशा चुका शोधणारं साधन, चालवला तर त्याने ही जागा इंटेल मशीनवरच दाखवली आणि अजून बऱ्याच तशा जागा दाखवल्या, त्या सगळ्या नीट करून घेतल्या.

पण रोझेटात का दिसलं नाही? कोड एआरएममधेच बदललेला असतो ना तिथे. हे कळलं तेव्हा मला ॲपलच्या चिपवाल्यांचं मनापासून कौतुक वाटलं. त्यांनी चिपमधेच एक मोड ठेवलेला आहे, रोझेटातून चालणाऱ्या थ्रेडसाठी प्रोसेसर मेमरीचा क्रम इंटेलसारखा पाळतो. दुसरीकडे, म्हणजे विंडोज ऑन एआरएमवर इंटेलचे प्रोग्रॅम चालवताना हेच सॉफ्टवेअरमधे जागोजागी अडसर टाकून सांभाळावं लागतं आणि त्यात वेग जातो. चिप बनवणारा आणि सिस्टिम बनवणारा एकच असला की काय करता येतं त्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि त्याच सोयीमुळे आमचा बग रोझेटात झोपून राहिला. आम्ही साहेबांचं ऐकून रोझेटावरच थांबलो असतो तर हा बग पुढे कधीतरी, घाईत नेटिव्ह करताना, कस्टमरच्या अल्बममधे निघाला असता.

नेटिव्ह आवृत्ती बाहेर गेली तेव्हा एक्सपोर्टला रोझेटाच्या निम्म्याच्या आसपास वेळ लागत होता. एअरवर काम करणारे एक स्टुडिओवाले आहेत सांगलीचे, ते म्हणाले लग्नाच्या हॉलवर बसूनच सेम डे एडिट काढून देतो आता, चार्जर गाडीतच असतो.

कोल्हापूरच्या एका स्टुडिओवाल्यांचं मात्र मला अजून वाईट वाटतं. त्यांनी २७ इंची इंटेल आयमॅक घेतला होता, ऑगस्ट २०२० ला जो नवा आला तो, म्हणजे स्थित्यंतर जाहीर झाल्यावर ॲपलनेच बाजारात आणलेला. लॉकडाऊनमधे धंदा बंद असताना कर्ज काढून घेतलेलं मशीन. त्यांचा फोन आला, "ओ सर, मी घेतलेलं जुनं झालं म्हणत्यात सगळे, तुमचं सॉफ्टवेअर चालंल का न्हाई पुढं?" मी म्हटलं, दादा, आम्ही युनिव्हर्सल बिल्ड देतो, एकाच ॲपमधे दोन्ही कोड असतात, तुमच्या आयमॅकवर इंटेलचा भाग चालेल, काळजी करू नका. आणि तो शब्द आम्ही अजून पाळतोय. ॲपलची तारीख ठरवून जुनं बंद करायची पद्धत कडक आहे, पण तिच्यामुळेच सगळे सॉफ्टवेअरवाले वेळेत हलले हेही खरं. दोन वर्षं म्हणाले होते, मॅक प्रो धरून शेवटचं मशीन जून २०२३ ला आलं, म्हणजे थोडा उशीर, पण झालं. तरीसुद्धा २०२० ला लाखांत पैसे मोजणाऱ्या माणसाला दुकानातच हे स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे होतं असं मला वाटतं.

लायब्ररीवाल्या कंपनीने पण नंतर एआरएमची फाइल दिली, तरी हेल्पर वेगळाच ठेवलाय, फक्त आता तोही नेटिव्ह आहे. २०२५ मधे ॲपलने सांगून टाकलं की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची सिस्टिम आणि रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्णपणे मिळेल, त्याच्यापुढे काही जुन्या गेम्सपुरता वगैरे. तुमच्या मशीनवर अजून रोझेटातून काय काय चालतंय ते बघायचं असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून काइंड कॉलम लावा आणि जिथे इंटेल दिसेल त्या सॉफ्टवेअरवाल्याला आत्ताच विचारा, विशेषतः प्रिंटर, स्कॅनर आणि जुन्या प्लगइनचं. आमचा इंटेलचा अर्धा भाग टाहोला सिक्युरिटी अपडेट मिळताहेत तोवर चालू ठेवायचं ठरलंय, त्याची टेस्ट चालवायला ऑफिसात तो पंख्यावाला लॅपटॉप अजून ठेवलेला आहे.